इन्स्टाग्रामचा रीच पुन्हा पुन्हा बसतो? ऐरोलीच्या खाडीवर सापडलेलं कारण

रीच म्हणजे आपली पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते तो आकडा. लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. खातं बरं चाललेलं असतं. एखादं रील अचानक उचललं जातं, चार दिवस फोन सारखा वाजत राहतो, फॉलोअर भराभर वाढतात. मग पुढच्या पोस्टला नेहमीपेक्षा कमी लोक येतात, त्याच्या पुढच्या पोस्टला आणखी कमी. महिन्याभरात अशी अवस्था होते की फॉलोअर दुप्पट आणि फोटो बघणारे निम्मे. आपण काहीतरी खटपट करतो, पुन्हा एक रील चढतं, आणि पुन्हा तेच सगळं होतं.

माझ्या खात्यावर हे सलग तीन वर्षं झालं. मी ऐरोलीत राहते, नोकरी घणसोलीला. सुटीच्या दिवशी ठाणे खाडीचे फोटो काढते: पक्षी, कांदळवन, होड्या, दिवा कोळीवाड्यातली माणसं. थंडीत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, आले की खातं पळायला लागायचं, पावसाच्या तोंडावर ते गेले की मरगळायचं. त्यामुळे मी बरेच दिवस हंगामालाच बोल लावत होते. पक्षीच नाहीत तर लोक येतील कशाला, असं वाटायचं. ते कारण चुकीचं निघालं. खरं कारण सांगतेच, पण त्याआधी अर्ध्या तासात उरकता येतील अशा काही तपासण्या आहेत. कधी कधी दुखणं खरंच साधं असतं.

आधी साधी कारणं बाद करा

रीच पडला की पहिला शब्द कानावर येतो तो 'शॅडोबॅन', म्हणजे न सांगता घातलेली बंदी. त्यावर तर्क लढवत बसू नका, उत्तर अ‍ॅपमध्येच आहे. प्रोफाइलवरच्या तीन रेघा दाबा आणि सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस' शोधा. तुमची एखादी पोस्ट काढून टाकली आहे का, तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. सगळं ठीक दिसत असेल तर बंदीचा विषय डोक्यातून काढा. ठीक नसेल तर कुठल्या पोस्टमुळे अडलंय ते दिसतं. ती पोस्ट बदला, काढून टाका, किंवा चूक त्यांची आहे असं वाटत असेल तर तिथूनच फेरतपासणी मागा.

दुसरी तपासणी उसन्या मालाची. दुसऱ्याचं रील उचलून टाकलं असेल, किंवा कोपऱ्यात दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ तसाच चढवला असेल, तर तो अनोळखी लोकांपर्यंत फारसा जाणार नाही. शिक्का असलेल्या व्हिडिओंची शिफारस कमी करणार असल्याचं इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलं होतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये मूळ बनवणाऱ्याला पुढे आणण्याचे बदल जाहीर केले. माझं स्वतःचंच एक रील मी आधी दुसरीकडे टाकलं होतं आणि तिथून उतरवून घेऊन इथे चढवलं. माझंच असूनही त्यावर शिक्का होता, आणि ते जागचं हललं नाही. मूळ व्हिडिओ फोनमध्ये जपून ठेवा, चढवताना तोच वापरा.

तिसरी गोष्ट पासवर्डची. माझ्या भाच्याने 'फॉलोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्या एका अ‍ॅपला पासवर्ड देऊन टाकला. हजारेक फॉलोअर आले खरे, पण आठवड्याभरात त्याला लाइक करता येईना की कॉमेंट टाकता येईना. त्याचं खातं परस्पर दुसरीकडून चालवलं जात होतं आणि इन्स्टाग्रामने ते ओळखून हात बांधले होते. तुम्ही असं काही केलं असेल तर आजच पासवर्ड बदला, टू-फॅक्टर चालू करा, आणि सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स' मध्ये जाऊन अनोळखी नावं काढून टाका. विकत घेतलेले फॉलोअर तर काढूनच टाकावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण भाच्याने तीन रविवार बसून ते केलं आणि त्याचं खातं त्यातूनच सावरलं.

हॅशटॅगवर फार वेळ घालवू नका. तीस-तीस हॅशटॅगची रास टाकण्याचे दिवस गेले. तीन ते पाच पुरेत, असं इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये सुचवलं होतं, आणि हॅशटॅगने रीच फारसा वाढत नाही हेही इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी वेळोवेळी सांगितलंय. कुठल्या वेळी पोस्ट टाकायची याचंही तसंच. इनसाइट्समध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्या तुमच्या खात्याच्या आकडेवारीत, तुमचे लोक कधी जागे असतात ते दिसतं. आपल्याकडे ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीची वेळ आणि रात्रीच्या जेवणानंतरची वेळ, दोन्ही चालतात. तासाभराच्या फरकाने खातं बुडत नाही.

फोटोचा रंग मरतोय का, तेही बघा

हे थोडं सविस्तर सांगते, कारण फोटोच्या खात्यांचं नुकसान इथे नकळत होतं. मोठा रोहित बऱ्यापैकी पांढरा असतो, लहान रोहित जास्त गुलाबी. पिलं राखाडी असतात आणि खाण्यातून हळूहळू गुलाबी होतात. म्हणजे एका थव्यात राखाडीपासून गडद गुलाबीपर्यंत छटा असतात, आणि सगळा फोटो त्या छटांवर उभा असतो. माझे फोटो लॅपटॉपवर जिवंत दिसायचे आणि इन्स्टाग्रामवर धुतलेल्या साडीसारखे फिके.

शोधल्यावर दोन चुका सापडल्या. एक, मी फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत साठवत होते. फोनसाठी एसआरजीबीमध्ये काढावे लागतात, नाहीतर रंग फिके पडतात. दुसरी चूक आपण सगळेच करतो: लॅपटॉपवरून फोनवर फोटो आणायला व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, मग इन्स्टाग्राम तोच पुन्हा दाबतं, आणि पिसांचा नुसता लगदा होतो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा केबल लावा, किंवा ड्राइव्हवरून उतरवा. फोटोची रुंदी १०८० पिक्सेल ठेवा आणि उभा फोटो असेल तर उंची १३५०. सेटिंग्जमध्ये 'अपलोड अ‍ॅट हायेस्ट क्वालिटी' असा खटका आहे, तो चालू करा. आणखी एक. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले आहेत, त्यामुळे जुन्या चौरस फोटोंच्या कडा कापल्या जातात. माझ्या प्रोफाइलवर दोन बगळे असे होते ज्यांच्या चोचीच नव्हत्या. नवा माणूस प्रोफाइल उघडतो तेव्हा त्याला आधी तेच दिसतं.

एवढं करूनही रीच पुन्हा बसत असेल, तर आता मूळ दुखण्याकडे या.

पहिल्या पाच शहरांत ठाणे नव्हतं

तिसऱ्या वर्षी फ्लेमिंगोंचं एक रील माझ्या खात्याच्या मानाने खूपच मोठं झालं. हजारो पक्षी एकदम उठतात, सगळं आभाळ गुलाबी होतं आणि मागे एक तेव्हा गाजणारं गाणं. त्या एका रीलवर आधीच्या दोन वर्षांपेक्षा जास्त फॉलोअर आले. पंधरा दिवसांनी मी दिवा कोळीवाड्यातल्या एका काकांचे फोटो टाकले, जाळं विणतानाचे. मला ते माझे त्या वर्षीचे सगळ्यात चांगले फोटो वाटत होते, अजूनही वाटतात. बोटं म्हातारी, नखांत खाडीचा काळा चिखल, आणि सुई मात्र इतकी हलकी फिरत होती की शटर कितीही वेगवान ठेवलं तरी ती पुसटच यायची. त्या पोस्टकडे कुणी वळलं नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा प्रोफेशनल डॅशबोर्डवरची शहरांची यादी नीट वाचली. फॉलोअर कुठले आहेत, त्यातली पहिली पाच शहरं तिथे दिसतात. त्या पाचांत ठाणे नव्हतं, नवी मुंबई नव्हती. पहिली दोन शहरं अशी होती, जिथल्या माणसाला दिवा कोळीवाडा म्हणजे काय हे कळण्याचं काही कारणच नाही. त्यांनी गुलाबी आभाळ बघितलं, आवडलं, फॉलो केलं आणि पुढे सरकले. त्यांची काही चूक नाही. पण माझ्या खात्यावर आता बघे जास्त आणि आपली माणसं कमी झाली होती.

याने रीच का बसतो, ते समजून घ्या. इन्स्टाग्रामवर २०१६ पर्यंत पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसायच्या. जो फॉलो करतो त्याच्या पुढ्यात तुमचा फोटो कधी ना कधी यायचाच. त्यानंतर क्रम अ‍ॅप ठरवायला लागलं. प्रत्येक माणसासाठी ते अंदाज बांधतं: हा या पोस्टवर थांबेल का, लाइक करेल का, कॉमेंट करेल का, कुणाला पाठवेल का. हा अंदाज त्या माणसाच्या आधीच्या वागण्यावरून येतो. जो तुमच्या मागच्या पाच पोस्टवरून न थांबता सरकला, त्याच्या फीडमध्ये सहावी पोस्ट खाली जाते. आता अशा माणसांचाच भरणा असेल तर तुमचे फॉलोअर कितीही असोत, सहावी पोस्ट बहुतेकांना दिसणारच नाही. आकडा वाढतो आणि बघणारे घटतात, हे कोडं इथे सुटतं.

आणि पुन्हा पुन्हा का होतं? कारण रीच बसला की आपण घाबरून पुन्हा तसंच रील करतो, ज्याने बघे जमतात. औषध म्हणून जे घेतो त्यानेच आजार वाढतो. माझे तिन्ही हंगाम असेच गेले.

तुमच्या बाबतीत हेच आहे का, ते ओळखायला एक तपासणी पुरते. मागच्या तीन महिन्यांतली सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट घ्या, आणि तुम्ही नेहमी टाकता तशी एक साधी पोस्ट घ्या. दोन्हींच्या इनसाइट्स शेजारी शेजारी ठेवा. मोठी पोस्ट जवळजवळ पूर्ण अनोळखी लोकांनी पाहिली असेल, तिच्यावर लाइक भरपूर आणि पाठवणं-सेव्ह करणं नगण्य असेल, आणि साधी पोस्ट तुमच्याच फॉलोअरांतल्या थोड्या लोकांनी पाहिली असेल, तर निदान झालं. शहरांची यादी त्यावर शिक्कामोर्तब करेल.

त्या रीलबद्दल अजून एक सांगायचंय. तो थवा आपणहून उठला नव्हता. एक होडी फार जवळ गेली म्हणून उठला, आणि त्या होडीत मी होते. नंतर किनाऱ्यावरून टाळ्या वाजवून, दगड टाकून थवा उठवणारे लोकही मी पाहिले, असल्याच रीलसाठी. हे पक्षी इथे चरायला येतात. प्रत्येक उड्डाणात त्यांचं कमावलेलं बळ खर्च होतं. ते रील मी काढून टाकलं. फॉलोअर गेले तर जाऊ देत, असं तेव्हा ठरवलं. खात्याचं खरं सावरणं त्यानंतरच सुरू झालं.

कुणासाठी टाकतोय, ते ठरवलं

मी एक माणूस डोळ्यांसमोर धरला. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा, रविवारी सकाळी लवकर उठू शकणारा, आणि खाडी रोज पुलावरून बघून एकदाही तिच्या काठावर न गेलेला. असे लाखो आहेत. मीही ऐरोलीत आल्यावर पहिली चार वर्षं तशीच होते. त्या माणसाला काय माहीत नाही, ते लिहायचं ठरवलं.

पहिली पोस्ट भरती-ओहोटीची होती. जाळं विणणाऱ्या काकांना मी विचारलं होतं, "काका, पाणी कधी येणार ते तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "कॅलेंडर आहे ना घरी? तिथी बघ, पाऊणपट कर." मला आधी कळेना. मग त्यांनी बोटांवर करून दाखवलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला आणि दुपारी चारच्या सुमाराला भरती, आणि साधारण सहा तासांनी, सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला अजून थोडा वेळ लागतो, तेवढा धरायचा.

हे मी दहा फोटोंच्या मालिकेत मांडलं. पहिला फोटो आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा, पंचमीभोवती पेनाने गोल केलेला. दुसऱ्यात काकांची बोटं. मग एकाच जागेवरून काढलेली खाडी: ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यावर चरणारे रोहित, भरतीला तीच जागा पाण्याखाली. शेवटी एवढंच की ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर पसरतात, आणि भरतीने चिखल झाकला की नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे वळतात. म्हणजे कॅलेंडर बघून कुठे जायचं ते आदल्या रात्रीच ठरवता येतं.

लाइक फार आले नाहीत. पण सेव्ह आणि पाठवणं माझ्या खात्यावर कधी नव्हे इतकं झालं. कोळीवाड्यातल्या मुलांनी ती पोस्ट आपापल्या ग्रुपवर फिरवली. एका मुलीने लिहिलं, "आमचे आजोबा पण असंच मोजायचे, मी कधी विचारलंच नाही." तिने ती पोस्ट तिच्या भावाला पाठवली, भावाने मला फॉलो केलं, आणि तो आजही माझ्या जवळजवळ प्रत्येक पोस्टवर काहीतरी लिहितो.

पाठवण्याला एवढं महत्त्व का, तेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी क्रम लावताना सगळ्यात जास्त वजन असलेल्या तीन गोष्टी सांगितल्या: लोकांनी किती वेळ पाहिलं, पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी लाइक केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. जे आधीच फॉलो करतात त्यांच्यापर्यंत पोचायला लाइक जास्त कामाला येतात, नव्या लोकांपर्यंत जायला पाठवणं. आणि ऐरोलीचा माणूस कुणाला पाठवतो? रबाळ्याच्या मित्राला, कळव्याच्या बहिणीला. म्हणजे पाठवण्यातून येणारा नवा माणूस बहुतेक वेळा आपल्याच परिसरातला असतो. ही गोष्ट मला कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त कामाची वाटली.

मालिकेचा आणखी एक फायदा आहे. एखाद्याने पहिला फोटो बघून पुढे सरकवलं नाही, तर अ‍ॅप कधी कधी तीच पोस्ट त्याला नंतर दुसऱ्या फोटोपासून दाखवतं. म्हणून दुसरा फोटोही असा ठेवा की तो एकटा उभा राहील. आता एका पोस्टमध्ये वीस फोटो टाकता येतात, पण दहाच्या पुढे माझी माणसं थकतात असा माझा अनुभव आहे.

वहिनींच्या मोदकांचं खातं

माझं खातं छंदाचं. धंद्याच्या खात्यावर हेच दुखणं जास्त महागात पडतं. आमच्या जुन्या शेजारच्या वहिनी आता ठाण्यातल्या नौपाड्यात राहतात आणि घरून उकडीचे मोदक, पुरणपोळ्या करून देतात. फॉलोअर वाढावेत म्हणून त्यांनी एक स्पर्धा ठेवली: फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, जिंकलात तर एकवीस मोदक मोफत. खातं आठ दिवसांत फुगलं. मग गणपतीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "अगं, एवढी माणसं आहेत, पण ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा कमी. काय झालंय बघ ना."

शहरांची यादी उघडली तर नागपूर, कोल्हापूर, नाशिक. वहिनी मोदक देतात घोडबंदर रोडपासून मुलुंडपर्यंत, तेही सकाळी केलेले दुपारच्या आत. उकडीचा मोदक कुरिअरने जात नाही. स्पर्धेतून आलेल्या बायकांना मोदक फुकट हवा होता, विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पुढच्या पोस्टवर थांबल्या नाहीत, आणि त्यांच्या न थांबण्याने नौपाड्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांपर्यंतही वहिनींचे फोटो पोचेनासे झाले.

आम्ही तीन गोष्टी केल्या. खात्याच्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव आणि पुढे एक सुविचार टाकला होता. तो रकाना शोधात धरला जातो. तिथे 'उकडीचे मोदक ठाणे' असं लिहिलं, आणि परिचयात तेच रोमन लिपीत, कारण आपली माणसं मराठी शब्दही बहुतेक वेळा रोमनमध्येच टाइप करतात. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा विचार करून बदला. दुसरं, बिझनेस खात्याला गाणी मोजकीच मिळतात म्हणून त्या खट्टू होत्या. मी म्हटलं, "वहिनी, गाणं नकोच. तुमच्या हाताचा आवाज ठेवा." मग त्यांनी मोदकाच्या कळ्या पाडतानाचं रील केलं. बोटांना तेल-पाणी लावून पारी फिरवायची, अंगठा आत, दोन बोटं बाहेर, एक चिमूट, पुन्हा एक चिमूट. मागे कुकरची शिट्टी आणि त्यांचं मोजणं, नऊ, दहा, अकरा. पारी फाटते कशाने आणि उकड किती मळायची, ते त्या बोलता बोलता सांगतात. ते रील ठाण्यातल्या किती सुनांनी आपल्या सासूला पाठवलं असेल ते देव जाणे.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. प्रत्येक पोस्टला लोकेशन म्हणून त्या 'इंडिया' टाकायच्या, म्हणे जास्त लोकांना दिसेल. ते बदलून नौपाडा, राम मारुती रोड, तलावपाळी असं खरं ठिकाण टाकायला लागल्या. पक्ष्यांच्या फोटोत मात्र मी उलटं करते. घरट्याची किंवा बिचकणाऱ्या पक्ष्याची नेमकी जागा कधीच टाकत नाही, फक्त 'ठाणे खाडी' लिहिते. तुम्हीही तसंच करा, ही कळकळीची विनंती.

गणपतीला ऑर्डर किती आल्या तो आकडा त्यांचा आहे, मी सांगत नाही. शेवटच्या तीन दिवसांत त्यांना नवीन ऑर्डरी घेणं थांबवावं लागलं.

पावसाळ्याचं काय?

माझा मूळ प्रश्न हाच होता, फ्लेमिंगो गेल्यावर टाकायचं काय. भरतीच्या पोस्टनंतर तो आपोआप सुटला, कारण आता माझे लोक फ्लेमिंगोंसाठी आलेले नव्हते, खाडीसाठी आलेले होते. जूननंतर बगळे आहेत, ढोकरी आहे, खंड्या तर वर्षभर तारेवर बसलेला असतो. तिवराच्या मुळांत चिंबोऱ्या आहेत, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत. निवट्यांची एक मालिका टाकली तर खाली निम्म्या कॉमेंट कालवण कसं करायचं याच्याच होत्या. मी पक्ष्यांची माणूस, पण त्या कॉमेंट मी एकेक वाचल्या आणि एकेकीला उत्तर दिलं. उत्तर देणं हा उपायाचा भाग आहे. ज्याच्याशी तुम्ही बोललात त्याच्या फीडमध्ये तुमची पुढची पोस्ट वर राहण्याची शक्यता वाढते.

ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. पण पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. पावसाळ्यात मी हेच सांगते, एका वेळी एक गोष्ट, सोबत त्याच दिवशी काढलेला फोटो. बघणारे मार्चपेक्षा कमी असतात, पण पूर्वीसारखा कडा कोसळत नाही.

एक सावधगिरी. बदल केल्यावर आधी आकडे खाली जातील. माझे सहा आठवडे खाली होते. जुने बघे अजून यादीत असतात आणि ते सरकतच राहतात. या काळात रोज इनसाइट्स उघडू नका, पंधरा दिवसांतून एकदा उघडा आणि दोनच गोष्टी बघा: पहिल्या पाच शहरांत आपलं गाव वर सरकतंय का, आणि दर पोस्टमागे पाठवणारे वाढतायत का. ही दोन्ही वर असतील तर एकूण आकड्याची काळजी सोडा. सहा आठवड्यांनंतरही दोन्ही जागच्या जागी असतील, तर तुम्ही डोळ्यांसमोर धरलेला माणूस चुकलाय. तो पुन्हा ठरवा.

पुन्हा एखादं रील चढलंच तर

चढेल कधीतरी, आणि चढू नये असं माझं म्हणणं नाही. या जानेवारीत माझं एक चढलं. दाट धुकं, कांदळवनाच्या कडेने जाणारी एकच होडी, वल्ह्याचा आवाज. या वेळी मात्र मी तयारीत होते. फॉलोअर वाढताहेत असं दिसताच प्रोफाइलवर वरती तीन पोस्ट पिन केल्या, तीनच करता येतात: भरतीचं गणित, महिन्याप्रमाणे खाडीत काय दिसतं ते, आणि काकांचं जाळं. म्हणजे रील बघून प्रोफाइलवर आलेल्याला फॉलो करण्याआधीच कळावं की इथे रोज गुलाबी आभाळ मिळणार नाही. रीलच्या खाली पहिली कॉमेंट माझीच टाकली, "ही ऐरोलीची खाडी आहे. ठाणे-नवी मुंबईतले कोण कोण आहात?" ज्यांनी हात वर केला त्या प्रत्येकाला नावाने उत्तर दिलं, रात्री साडेबारापर्यंत बसून. दुसऱ्या दिवशी तसलंच दुसरं रील टाकायचा मोह झाला होता. ते न टाकता येत्या रविवारच्या ओहोटीची वेळ टाकली.

त्या रविवारी सकाळी काठावर ओळख नसलेली सात-आठ माणसं उभी होती. त्यातल्या एका आजोबांच्या हातात घडी केलेलं कॅलेंडरचं पान होतं, आणि ते सोबतच्या नातीला बोटांवर तिथी मोजून दाखवत होते.